चार मुले, एक ओसरी

या उन्हाळ्यात रिसोड तालुक्यात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोघे गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर नात्यातले एक गृहस्थ मांडवाच्या कडेला आमच्याजवळ येऊन बसले. सोयाबीन-तुरीची शेती, घरात तीन मुली आणि एक मुलगा. थोरली आठवी झाली. गावातली उर्दू शाळा आठवीपर्यंतच, नववीसाठी तालुक्याला जावे लागणार. ते म्हणाले, "मी म्हणतो, पोरीला आता घरीच शिकवावं. बाकीची तिघंही तिच्याबरोबर बसतील. तुम्ही लोकांनी लॉकडाउनमध्ये घरीच शाळा चालवली होती ना? कशी चालवली, तेवढं सांगा."

आमच्यापैकी एक शिक्षक आहे, बी.एड. झालेला आहे आणि उर्दू-मराठी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे आला. मांडवात उत्तर देणे जमले नाही. "विचार करून कळवतो," एवढेच बोललो. ती दोन वर्षे आमच्या ओसरीत काय झाले, त्यातले काय साधले आणि काय बिघडले, हे आम्ही तोवर कुणालाच नीट सांगितले नव्हते. इतर घरांतही हाच विचार चालू असेल, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

मार्च 2020 च्या मध्यावर शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या घरात चार मुले होती. थोरली उर्दू माध्यमात नववीत, मधला मुलगा उर्दू माध्यमात पाचवीत आणि धाकटी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीत. चौथा पुतण्या, वय 12. चौथीनंतर त्याने शाळा सोडली होती आणि हिफ्जसाठी मदरशात राहत होता. सतरा पारे पाठ झाले होते. मदरसा बंद झाला, मुलांना घरी पाठवले आणि हा पेटी घेऊन आमच्या दारात उतरला. त्याचे आई-वडील कामासाठी दूर शहरात अडकलेले.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले. सरकारी पातळीवर दीक्षा अॅप आले, व्हॉट्सअॅपवर रोजचा अभ्यास येऊ लागला, बालभारतीची पुस्तके मोबाइलवर उतरवता येऊ लागली आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. पण घरात स्मार्टफोन एकच होता. पावसाला सुरुवात झाली की लाइट जायची. शिवाय 'टिलीमिली' मराठीत. धाकटी मन लावून बघायची, मधला थोडा वेळ बसून उठून जायचा. (त्या मालिकेने आमच्या दादींची मराठी मात्र सुधारली, हे कबूल करावे लागेल.) मग फजर आणि नाश्ता झाल्यावर चारही मुलांना ओसरीत बसवून आम्हीच शिकवायचे ठरवले.

आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही एक चूक केली. चांगल्या हेतूने केली, म्हणून ती वर्षभर लक्षात आली नाही.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हाताने करून. दृश्य, श्राव्य, कृतिशील. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1983 मधला बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांतही त्याच पेपरात होता, आणि परीक्षेत दोन्हींची सरमिसळ करून आम्ही चांगले गुण मिळवले होते. आता घरात चार वेगवेगळी मुले मिळाली, तेव्हा ते ज्ञान वापरायची संधी आली. थोरली वह्यांत रंगीत पेनने तक्ते काढायची: ती दृश्य. पुतण्या ऐकून पाठ करायचा: तो श्राव्य. मधल्याला जागेवर बसवत नसे, सायकल उघडून पुन्हा जोडायचा: तो कृतिशील. धाकटीचे काही ठरवता येईना, म्हणून तिला सगळे थोडे थोडे.

त्याप्रमाणे काम वाटून दिले. मधल्याला वाचायला लावायचे नाही, त्याला करायला द्यायचे. अपूर्णांक त्याने भाकरीचे तुकडे करून शिकले. क्षेत्रफळ अंगणात दोरीने मोजले. पुस्तक मात्र थोरली वाचून दाखवायची आणि तो ऐकायचा. पुतण्याला सगळे तोंडी. त्याने तीसपर्यंतचे पाढे पंधरा दिवसांत पाठ केले आणि विज्ञानाची उत्तरे शब्दन् शब्द म्हणून दाखवायला लागला. शेजारचे लोक ऐकायला थांबत. आम्हालाही बरे वाटत होते, खोटे कशाला बोला.

मार्च 2021 मध्ये एका संध्याकाळी सहज चौघांची परीक्षा घेतली. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि वजाबाकी-भागाकार घालतात, हे आम्हाला ठाऊक होते. तसाच एक उतारा आणि तसेच एक गणित घेतले. सहावी संपवत आलेला आमचा मुलगा तिसरीच्या पुस्तकातल्या चौथ्या ओळीत अडखळला. शब्दाचे पहिले अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकत होता. तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणाऱ्या पुतण्याला विचारले, 84 पेंडखजूर 6 घरांत सारखे वाटायचे तर प्रत्येकी किती? तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाची, हा कोणता पाढा आहे?"

त्या रात्री आम्ही दोघे फारसे बोललो नाही. शाळा बंद होती, हे कारण सगळ्यांसाठीच होते. 2018 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी साधारण 27 मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, 2022 मध्ये ती 20 वर आली, असे पुढे 'असर'नेच नोंदवले. पण आमच्या मुलाचे वाचन मागे पडले त्याला निव्वळ बंद शाळा कारणीभूत नव्हती. त्याला वाचता येत नव्हते, कारण तो "वाचून शिकणारा नाही" असे आम्ही ठरवून त्याच्यापुढून पुस्तक काढून घेतले होते. नावडत्या गोष्टीतून सुटायला मुलाला एक शास्त्रीय नाव मिळाले आणि ते नाव आम्ही दिले.

नंतर वाचताना कळले की या विषयावर 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर, रॉबर्ट ब्यॉर्क आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे संशोधन तपासले होते. मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवले तर तो जास्त शिकतो, याला आधार होईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवडी असतात, हे खरे. पण आवड म्हणजे शिकण्याची वाट नव्हे. खुद्द गार्डनरनेही आपला सिद्धांत म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत असे स्पष्ट केले आहे. आमच्या पेपरातली सरमिसळ चुकीची होती तर!

खरे म्हणजे हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण्याची पद्धत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महत्त्वाची गोष्ट ते तीनदा सांगत, म्हणजे ऐकणाऱ्याला नीट समजावी, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. माणसाचे आयुष्य आणि त्याच्या लांबलचक आशा समजावताना त्यांनी जमिनीवर चौकोन काढला, मधून बाहेर जाणारी रेघ ओढली, बाजूला लहान रेघा काढल्या. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याला जन्नतमध्ये आपली किती जवळीक मिळेल हे सांगताना दोन बोटे दाखवली. आणि घाईघाईने नमाज उरकणाऱ्या माणसाला तीनदा परत पाठवून पुन्हा पढायला लावली, मग समजावले. बोलणे, रेघ, बोट आणि प्रत्यक्ष करणे, सगळे एकाच शिक्षकाकडे आणि समोर बसलेल्या सगळ्यांसाठी. रेघ काढली ती त्या गोष्टीला रेघेची गरज होती म्हणून. नमाज करूनच शिकायची असते, ऐकणाऱ्याचा कान कितीही तयार असो.

एप्रिल 2021 पासून आम्ही ओसरीची मांडणी बदलली. अपूर्णांक आला की चौघांनी भाकरीही तोडायची, आकृतीही काढायची आणि वहीत गणितही मांडायचे. इयत्ता बाजूला ठेवली. भागाकारात पुतण्या आणि धाकटी एकाच पाटावर बसली. त्याला सुरुवातीला लाज वाटली. पण धाकटीने खजुराच्या बियांचे ढीग करून त्याला वाटणी दाखवली तेव्हा पाढा कशासाठी असतो ते त्याला तिथेच कळले, आणि पाढे तर आधीच पाठ होते. दोन महिन्यांत तो तिच्या कितीतरी पुढे गेला.

मधल्याचे वाचन असे झटपट सुधारले नाही. रोज असरनंतर वीस मिनिटे त्याने दादींना मोठ्याने वाचून दाखवायचे, एवढाच नियम केला. दादींना कमी दिसते, उर्दू त्या वाचू शकत नाहीत, पण चुकीचा शब्द त्यांच्या कानाला लगेच टोचतो. "ये क्या पढा रे? फिरसे बोल," म्हणायच्या. आमच्यापुढे वाचताना तो घाबरायचा, दादींपुढे हसायचा. त्याला वर्षभर लागले. आठवीत गेला तेव्हा आपल्या इयत्तेचे पुस्तक न अडखळता वाचायला लागला. अजूनही वाचन हा त्याचा आनंद नाही. सायकली मात्र तो अजून उघडतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आम्ही पुतण्याकडून शिकलो. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस कसा असतो हे ज्यांच्या घरात हाफिज आहे त्यांना माहीत असेल. रोजचा नवा भाग म्हणजे सबक. मागच्या काही दिवसांचे पाठांतर म्हणजे सबक-पारा. आणि जुने पारे फिरवत राहणे म्हणजे आमुख्ता. नवे कितीही चांगले झाले तरी जुने ऐकवल्याशिवाय उस्ताद उठू देत नाहीत. पुतण्या घरी असतानाही मगरिबनंतर हे तिन्ही करायचा. आम्ही त्याला "श्राव्य" म्हणत होतो, पण सतरा पारे टिकले होते ते या तीन पदरी उजळणीमुळे. माणूस शिकलेले किती वेगाने विसरतो हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये मोजून दाखवले. त्याच्या कितीतरी आधीपासून हाफिजांच्या उस्तादांनी त्यावरचा उपाय चालू ठेवला आहे.

आम्ही तो उपाय गणिताला आणि इंग्रजीला लावला. प्रत्येक मुलाच्या वहीत तीन भाग केले. आजचे पाच शब्द किंवा एक प्रकारचे गणित सबकमध्ये, आठवड्यातले सबक-पाऱ्यात, महिन्यापूर्वीचे आमुख्त्यात. पुतण्याला "उस्ताद" केले. तो काठी नसलेला उस्ताद होता, पण धाकटीला त्याचा धाक आमच्यापेक्षा जास्त वाटायचा. वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना एकाच वेळी बसवायचे तर ही वही फार उपयोगी. आमुख्ता करायला शिक्षक लागत नाही, मोठ्या भावंडाने ऐकून घेतले तरी चालते, आणि तेवढ्यात आपल्याला दुसऱ्याचा नवा सबक घेता येतो. आमच्या शाळेतल्या वर्गातही आम्ही आता हेच करतो.

भाषेचा घोळ मात्र शेवटपर्यंत राहिला. धाकटी मराठी शाळेतली. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकोणतीस'बरोबर 'वीस नऊ' आले आणि त्यावर वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला होता. आमच्या ओसरीत एकाच आकड्याला ती 'वीस नऊ' म्हणायची, मधला 'उनतीस', आणि थोरली इंग्रजीत 'ट्वेंटी नाइन'. एकीकडे उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी, दुसरीकडे डावीकडून उजवीकडे. शेवटी आकडे दाखवताना तोंडाने काही न बोलता काड्यांचे गठ्ठे ठेवायचे, एवढे ठरवले. 'वीस नऊ'ची टिंगल करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की एकदा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीला 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' समजावून बघावे.

आता ज्या गोष्टीवर लिहायला हात अडखळतो ती. आमची थोरली.

2020-21 हे तिचे दहावीचे वर्ष. नोव्हेंबरअखेर नववी ते बारावीचे वर्ग उघडले, पण फेब्रुवारीत विदर्भात साथ पुन्हा वाढली आणि ती पुन्हा घरी आली. ती समजूतदार. मधल्याला वाचून दाखवायची, धाकटीचा गृहपाठ घ्यायची, स्वयंपाकघरात मदत करायची, आणि रात्री सगळे झोपले की स्वतःची पुस्तके काढायची. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो की मोठी बहीण शिकवते. एका रात्री ती म्हणाली, "अम्मी, सगळ्यांची शाळा मी घेते. माझी कोण घेणार?"

दहावीची परीक्षा त्या वर्षी झालीच नाही. जुलै 2021 मध्ये राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला, त्यात तीही चांगल्या गुणांनी पास. पण अकरावीला विज्ञान घेतल्यावर त्रिकोणमितीत ती जिथे अडली, ती नेमकी त्या हरवलेल्या वर्षाची जागा होती. अल्लाहच्या कृपेने ती सावरली, आज पदवीला आहे. तरी त्या वर्षाचे देणे आमच्याकडे लागते, असे आम्हाला वाटते. भावंडांना शिकवल्याने मोठ्या मुलाचाही पाया पक्का होतो हे खरे, पण तासभर. त्यापुढे ते घरकाम असते, आणि ते बहुतेक मुलीच्याच वाट्याला येते.

घरी शिकून मोठी झालेली माणसे नाहीत असे नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. कलकत्त्याच्या घरात आधी वडिलांनी, मग एकेका विषयासाठी नेमलेल्या शिक्षकांनी त्यांना शिकवले. भावंडेही घरीच शिकली. घरातल्या पेट्या एका रांगेत लावून त्यांची आगगाडी करायची आणि डोक्यावर वडिलांचा फेटा ठेवून आपण मोठे मौलाना असल्याचा खेळ खेळायचा, अशी त्यांच्या बालपणाची आठवण त्यांच्या बहिणीने सांगितली आहे. सोळाव्या वर्षी त्यांचे जुन्या पद्धतीचे शिक्षण पूर्ण झाले. पण पुढे सर सय्यद यांचे लेखन वाचल्यावर त्यांना आपल्या शिक्षणातली पोकळी कळली आणि फारसी-उर्दू भाषांतरांशी ताडत इंग्रजी बायबल वाचून ते एकट्याने इंग्रजी शिकले. हाच माणूस स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला. आपल्या काळातले उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचे. तिला सातवीत असताना आईने शाळेतून काढले आणि स्वतः नोकरी सोडून घरी शिकवले. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार बंद होते, पण 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला प्रवेश दिला.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी मोठे माणूस दिवसभर फक्त या कामासाठी होते. रिसोडच्या त्या घरात ते कोण असेल? वडील शेतात, आई शेतात आणि घरात. मग शिकवणार ती थोरलीच, आणि तिला कुणीच नाही.

हे सगळे आम्ही त्यांना फोनवर सांगितले, आणि सोबत माहितीही दिली. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 6 ते 14 वयासाठी. त्यात घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षा नाही, पण घरच्या शिक्षणासाठी काही व्यवस्थाही नाही. त्याच कायद्यात एक उपयोगी तरतूद आहे: शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात थेट प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढायला वेगळे शिक्षण देणे शाळेवर बंधनकारक असते. आमचा पुतण्या हिफ्ज पूर्ण करून आला तेव्हा याच आधारावर आठवीत बसला. हाफिज झालेल्या मुलांच्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावे, "आता वय गेले" म्हणून घरी बसवू नये. शाळा खरोखरच अशक्य असेल तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत विषय थोडे थोडे सोडवता येतात. पण ही वाट तिच्यासाठी, जिच्यापुढे दुसरी वाट उरलेली नाही.

आणि तिच्यापुढे वाट होती. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस मुलींच्या शाळेच्या वेळेसाठीच सोडलेल्या आहेत. ते म्हणाले, "बस आहे हो, पण येताना अंधार पडतो." हिवाळ्यात तो पडतोच, त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या गावातून आणखी दोन मुली नववीत जाण्याजोग्या आहेत, हे त्यांच्याच बोलण्यातून निघाले. तिघींच्या वडिलांनी एकत्र बसावे आणि आगारप्रमुखांना अर्ज द्यावा, एवढे सुचवले. घरातल्या धाकट्या तिघांसाठी सबक-आमुख्त्याची वही कशी आखायची ते कागदावर काढून पाठवले, आणि थोरलीने रोज तासभरच त्यांना बसवावे, जास्त नको, असे खाली लिहिले.

परवा त्या मुलीचा स्वतःचा फोन आला. अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. तोवर वडील मोटारसायकलवर थांब्यापर्यंत न्यायला येणार आहेत. मग तिने विचारले, आमच्या थोरलीची नववीची गणिताची वही अजून आहे का? पोटमाळ्यावर सापडली. पहिली काही पाने उंदरांनी खाल्ली आहेत, बाकीची शाबूत आहे. उद्या रिसोडला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवत आहोत.